वरच्या द्रेनची शिरगणती

वरचं द्रेन,
९ जानेवारी २००१

प्रिय दोका,

काल लोकरीचा गुंता सोडवत बसले होते, आणि एकदम रुसे शहरातलं आपलं बोर्डिंग आठवलं. शनिवारी न्हाऊन झालं की आपण सगळ्या मुली शेगडीभोवती केस वाळवत बसायचो. सिस्टर क्लोतिल्द भिंतीवर नकाशा टांगून एकेकीला म्हणायची, "बोट ठेव तुझ्या गावावर." तुझी पाळी आली तेव्हा नकाशावर गावच नव्हतं. तू रडवेली झालीस आणि मी, रुसेची दिमाखदार मुलगी, हसून म्हणाले, "दोका कुठूनच आलेली नाही." नंतर तुझ्याच भावाशी लग्न करून मी त्या 'कुठेच नसलेल्या' गावात आले, त्याला शेहेचाळीस वर्षं झाली. तू मात्र वार्नाला समुद्राकाठी. कोण कोणाला हसतंय बघ.

आता बातमी. उभी असलीस तर बस.

पालिकेनं ठरवलंय, की मार्चच्या पहिल्या तारखेला सुरू होणाऱ्या शिरगणतीत ज्या गावात शंभर माणसं भरणार नाहीत त्या गावाची कचेरी बंद. ते गाव शेजारच्या गावाला जोडायचं. विरोवो पालिकेत चौतीस गावं आहेत, पण आपण कोणाला जोडले जाणार हे सांगायला नको. खालच्या द्रेनला. त्यांचा सरपंच गेंचो मला भर दुकानात म्हणाला, "वेलिकाबाई, वाचनालयातल्या खुर्च्या मोजून ठेवा, खाली न्यायच्यात." मी म्हटलं, "खुर्च्या खुशाल न्या. त्यांवर बसून वाचायला कोण शिकवणार तुम्हाला?" दुकानदारीण हसली, तो नाही हसला.

पण थट्टा बाजूला ठेवू. कचेरी गेली की पावाची गाडी आणि गुरुवारचे डॉक्टर खालीच थांबणार. चार किलोमीटर, सगळा उतार, त्यावर बर्फ. आपल्या पाचही वाड्या पाच वेगळ्या डोंगरसोंडांवर, आणि साठीच्या आतलं माणूस बोटांवर मोजावं. पावासाठी खाली जाऊन परत चढणार कोण?

म्हणून मी स्वतःच मोजायला घेतलंय. घरोघर वही घेऊन गेले असते तर लोक दार लावून बसले असते, सरकारी वहीची भीती अजून गेलेली नाही. म्हणून मी नामदिनांवरून मोजते. ज्याच्या नावाच्या संताचा दिवस त्याच्या घरी न बोलावता जायचंच असतं, दार उघडं असतं, टेबल मांडलेलं असतं. दोन पेले घ्यायचे, घरातली डोकी बघायची आणि घरी येऊन लिहायचं. वासिलांचा दिवस झाला, योर्दानांचा झाला, परवा इव्हानांचा. नऊ इव्हान, दोका! गुडघे भरून आले, डोकं अजून गरगरतंय, पण वही भरत चाललीय. उरलेल्या संतांचं गेल्या वर्षीच्या आठवणीवरून लिहिते आहे.

तुझी,
वेलिका

वार्ना,
१५ जानेवारी

प्रिय वेलिका,

मी रडले नव्हते. डोळ्यांत साबण गेला होता.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं. नातवंडांचा इतका गोंगाट असतो, की मोठ्यानं वाचल्याशिवाय काही कळत नाही. ल्युबेनला बंदरावर खूप काम आहे, सून शिकवण्या घेते, मला बसायला फुरसत नाही. बाल्कनीतून समुद्र दिसतो, राखाडी.

मोजायची तुझी युक्ती छान आहे. पण मी एकवीस वर्षं त्या गावच्या शाळेत हजेरी घेतलीय, म्हणून एक सांगते. हजेरीत चूक होते ती नेहमी कोपऱ्यात बसणाऱ्या मुलांची. बडबड करणारी दोनदा मोजली जातात. तुझे नऊ इव्हान आहेत, का आठ आहेत आणि एक दोन घरी जेवला?

आतानास आजोबांचा नामदिन अठराला. चौऱ्याऐंशी वर्षांचा सरपंच आपल्याखेरीज कोणाला असेल? त्यांना माझा नमस्कार सांग. छातीची कुरकुर कशी आहे तेही कळव.

तुझी,
दोका

वरचं द्रेन,
२२ जानेवारी

दोका,

आठच इव्हान. मेल्यानं खरंच दोन घरी जेवून घेतलं होतं. तू तिथं बसून कशी ओळखतेस?

पण ऐक. सगळे संत संपले, सगळ्या वाड्या झाल्या, तीनदा बेरीज केली. सत्त्याण्णव. फक्त तीन कमी! मला वाटलं होतं सत्तरही भरणार नाहीत. वहीचं शेवटचं पान लिहून मी स्वयंपाकघरात एकटीच दोन पावलं नाचले. मांजर उठून बाहेर गेलं.

आतानास आजोबांकडे सगळं गाव लोटलं होतं. आजोबा पलंगावर टेकून बसले होते, हातात कचेरीचा शिक्का. म्हणाले, "हा गेंचोच्या हाती द्यायला लावू नका रे. मी त्याच्या बापालासुद्धा कधी काडेपेटी उसनी दिली नाही." स्ताना आजी म्हणाल्या, "तुम्ही कोणालाच दिली नाहीत. मला लग्नात दिलीत ती शेवटची." खोकला आणि हसू एकदमच आलं आजोबांना. मला तो खोकला आवडला नाही.

आता मुद्दा. तीन हवेत. तू ये. ल्युबेनला घेऊन ये, सुनेला घेऊन ये, दोन आठवडे राहा, शिरगणतीला येणाऱ्या मुलीच्या यादीत नाव लिहू आणि परत जा. खालच्या द्रेनच्या लोकांनी सगळ्या पुतण्यांना बोलावलंय, त्यांना तर गरजही नाही. पाहुणी आहे म्हणून तुझं नाव कोण नाकारेल? जन्म तर इथलाच.

वेलिका

वार्ना,
२८ जानेवारी

वेलिका,

नाही.

रागावू नकोस, पण हे सरळ लिहिते. जिथं राहत नाही तिथं मी माझं नाव लिहू देणार नाही. सिस्टरनं आपल्याला एकाच गोष्टीसाठी गुडघ्यांवर बसवलं होतं, दुसरीच्या वहीतून उतरवलेल्या गणितासाठी. शंभर भरायचेत तर खरे शंभर भर. शिवाय मुलांना सोडून मी येणार कशी? नातवंडांना सकाळी दूध कोण देणार?

आता दुसरं. तुझ्या वहीत चूक आहे.

ज्याला संत आहे तोच तुझ्या वहीत आला. ज्याला संतच नाही त्याचं काय? ओढ्यापलीकडे गिरणीच्या घरात कोण राहतं? सहकारी शेतीच्या चेअरमन द्रागोयनं एकोणपन्नास साली पंचवार्षिक योजनेवरून मुलीचं नाव पेतिलेत्का ठेवलं. त्या नावाचा संत स्वर्गात नाही, त्यामुळे तिला नामदिन नाही आणि नामदिन नाही म्हणून त्या घरी कोणी जात नाही. तिनं मुलाचं नाव स्पार्ताक ठेवलं, म्हणजे तोही तसाच. त्यानं डेलिओर्मानकडची तुर्की मुलगी केली, ग्युल्तेन. तिच्याकडे तर संतांचा हिशेबच वेगळा.

तीन माणसं, वेलिका. सत्त्याण्णव आणि तीन.

हे तुला सुचलं नाही, का सुचू दिलं नाहीस?

दोका

वरचं द्रेन,
३ फेब्रुवारी

दोका,

सुचू दिलं नाही.

एकावन्न साली तुझ्या वडिलांचे दोन्ही बैल त्या द्रागोयनं गोठ्यातून सोडून नेले. मामंजी त्यानंतर त्या गोठ्यात कधी शिरले नाहीत, तीन वर्षांनी गेलेच. मी सून म्हणून आले ती रिकाम्या गोठ्याच्या घरात. तुझ्या भावानं, मिंचोनं, मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, त्या घराचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मी शेहेचाळीस वर्षं प्यायले नाही. त्याच्या माघारी पाच वर्षांत तर मुळीच नाही. आणि तू, त्यांची सख्खी मुलगी, मला त्या दारात जायला सांगतेस?

आतानास आजोबा काल सकाळी गेले. झोपेतच. शिक्का उशीखाली होता.

शहाण्णव.

वेलिका

वार्ना,
८ फेब्रुवारी

वेलिका, माझी वेलिका,

आजोबांसाठी मी मेणबत्ती लावली. स्ताना आजींजवळ थोडं बस, त्यांना ऐकू कमी येतं पण हात धरलेला कळतो.

जे लिहायचं नव्हतं ते आता लिहिते. मिंचोला मी वचन दिलं होतं. पण तो गेला आणि त्याचं वचन पाळताना मी जिवंत माणसांवर अन्याय करतेय.

बैल द्रागोयनं नेले नाहीत. मिंचोनं नेऊन दिले.

तो एकोणीस वर्षांचा होता. ट्रॅक्टर शिकायला जायचं होतं. ज्या घरानं जनावरं सहकारी शेतीत दिली नाहीत त्या घरच्या मुलाला तिथं घेत नव्हते. बाबा बाजाराला विरोवोला गेले होते. मिंचोनं बैल सोडले, मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. संध्याकाळी बाबांना सांगितलं की चेअरमन घेऊन गेला. बाबा काठी घेऊन द्रागोयच्या दारात गेले. तेव्हा द्रागोयनं मिंचोकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हो, मीच नेले." पोराला बापाच्या काठीपासून वाचवलं त्यानं. दुसऱ्या काही बाबतींत तो माणूस चांगला नसेल. बैलांच्या बाबतीत होता.

मिंचो वाईट नव्हता. तुला माहीत आहे. एकदा बोललेलं खोटं त्याला पुसता आलं नाही, एवढंच. म्हणून त्यानं पाणी तोडलं. त्या घराकडे बघणं त्याला जमत नव्हतं.

पेतिलेत्का माझ्या वर्गात होती. दुसरीत असताना बाकीच्या मुली नामदिनाला एकमेकींकडे जायच्या, ही शाळेत फळा पुसत थांबायची. एकदा मला विचारलं, "बाई, माझा दिवस कधी?" मी म्हटलं, बघून सांगते. सांगितलंच नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली.

दोका

वरचं द्रेन,
२० फेब्रुवारी

दोका,

तुझं पत्र आल्यावर मी चार दिवस मिंचोचा फोटो भिंतीकडे फिरवून जेवले. पाचव्या दिवशी फोटो सरळ केला, त्याला जे सुनवायचं ते सुनवलं, आणि चीजची बानित्सा करायला घेतली. पीठ लाटताना लक्षात आलं की मी गुणगुणतेय. राग गेला होता म्हणून नव्हे. कुठंतरी जायचं होतं म्हणून.

ओढ्यावरचा ओंडका गोठलेला. मी बसून, सरकत ओलांडला, सदुसष्टाव्या वर्षी, बानित्सा डोक्यावर. पलीकडे पेतिलेत्का कुऱ्हाड घेऊन उभी.

म्हणाली, "वाट चुकलात का, वेलिकाकाकू? खालचं द्रेन त्या बाजूला."

मी म्हटलं, "कुऱ्हाड खाली ठेव आणि ही परात धर, माझे हात गारठलेत."

"मोजायला आलात ना? गेंचो परवाच येऊन गेला. बाटली घेऊन. म्हणाला, ओढ्यापलीकडचं घर म्हणजे आमचंच, आमच्यात नाव लिही, तुझ्या दारापर्यंत रस्ता करून देतो."

दोका, ते मला सुचलंच नव्हतं. मी विचारलं, "मग काय सांगितलंस?"

"बाटली ठेवून घेतली. उत्तर दिलं नाही."

आत गेलो. घरात तीनच कप. तीन माणसं, तीन कप, चौथा कधी लागलाच नाही. स्पार्ताकनं त्याचा विसळून मला दिला. ग्युल्तेननं कॉफी केली, जाड, गोड. मी त्या घरचं पाणी प्यायले. मग मी त्यांना बैलांचं सगळं सांगितलं, तू लिहिलंस तसंच. पेतिलेत्का ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला माहीत होतं. बाबांनी मरताना सांगितलं."

मी म्हटलं, "मग गावात बोलली का नाहीस? ओरडून सांगायचंस."

"कोणाला? माझ्याकडे येतं कोण?"

मी कप खाली ठेवून म्हटलं, तुझं नाव कुठं लिहायचं ते तू ठरव. पावाची गाडी गेली तर मी तुला दोष देणार नाही. मी फक्त माफी मागायला आले. मोजायलाही आले होते, खोटं बोलत नाही, पण माफी जास्त.

ती बराच वेळ बानित्सा कापत बसली. एवढे बारीक तुकडे मी कधी पाहिले नाहीत. मग म्हणाली, "रस्ता नको मला. मला एक दिवस हवा. जसा तुम्हा सगळ्यांना आहे. न बोलावता लोक आले पाहिजेत. तुम्ही सांगून पाठवलेले नकोत."

"पण तारीख सांगितल्याशिवाय येतील कसे?"

"तारीख दोकाबाई सांगणार होत्या. मी वाट बघतेय."

स्पार्ताक म्हणाला, "आई, पन्नाशी उलटली तुझी." ती म्हणाली, "म्हणून तर. घाई करा."

तेव्हा तारीख सांग, बाई. शहाण्णव आणि तीन, नव्व्याण्णव. एक कमी आहे. पण मी तुला 'ये' म्हणणार नाही. तू जे लिहिलंस, दुसरीच्या वहीतलं गणित, ते पटलं. एकानं हुकलं तर हुकलं. पावासाठी आम्ही पाळ्या लावू, स्पार्ताककडे घोडागाडी आहे हे मला त्या दिवशीच कळलं. दोन डोंगरांवर राहून कळलं नव्हतं.

तुझी,
वेलिका

वार्ना,
२४ फेब्रुवारी

माझ्या वेलिका,

हे पत्र विरोवोच्या बसवाल्याकडे देते आहे, सामानासोबत. म्हणजे माझ्या आधी पोचेल.

पहिली तारीख. मार्चची पहिली. संत एव्दोकियाचा दिवस, म्हणजे माझाच, कागदावर मी एव्दोकियाच ना. तुला तरी आठवायला हवं होतं. तो मी पेतिलेत्काबरोबर वाटून घेते आहे. अर्धा तिचा, कायमचा. परवानगी विचारावी असा दुसरा कोणी धनी त्या दिवसाला नाही. तिला सांग, उशीर झाला, पण बाईंनी बघून सांगितलं. आणि गावात कोणाला सांगून पाठवू नकोस. एव्दोकिया गावात आल्याची बातमी दुकानातून सुटली की मला भेटायला लोक येतीलच, आणि मी त्या दिवशी गिरणीच्या घरात असेन.

होय, येते आहे.

आता माझं गुडघ्यांवर बसणं. ल्युबेन आणि मुलं इथं नाहीत. ऑक्टोबरात टोरांटोला गेले. नातवंडांचा गोंगाट, सकाळचं दूध, सगळं मी लिहीत गेले. या तीन खोल्यांत घड्याळ आणि मी. तुझी पत्रं मोठ्यानं वाचते हे खरं होतं. घरात आवाज हवा म्हणून. तुला कळवलं असतं तर तू पहिल्या दिवशीच 'ये' म्हणाली असतीस, दया म्हणून, आणि मला ते नको होतं. मी तुला खऱ्याखोट्यावर भाषण दिलं आणि स्वतः प्रत्येक पत्रात खोटं लिहिलं.

मी मोजली जायला येत नाही. दोन आठवड्यांसाठी येत नाही. ल्युबेनला घर विकायचं आहे, विकू दे. मी तिथं राहायला येते. तुझी वही ऐंशीवर अडली असती तरी आले असते. पण शंभरावी व्हायला मिळतंय याचा मला इतका आनंद झालाय, की काल बाजारात अनोळखी माणसाला थांबवून सांगितलं. तो म्हणाला, "अभिनंदन आजी, कसली शंभरावी?" मी म्हटलं, "गावाची." त्यानं मला एक संत्रं दिलं.

अठ्ठावीसला दुपारच्या बसनं विरोवोला उतरेन. स्पार्ताकला घोडागाडी घेऊन ये म्हणावं. गेंचोच्या दारावरूनच आण म्हणावं, मुद्दाम.

सामान उघडलंस की असं वाटप करायचं:

निळ्या डब्यात लाल-पांढऱ्या दोऱ्यांच्या मार्तेनित्सा आहेत, मोजून नव्व्याण्णव. पहिल्या तारखेला सकाळी प्रत्येकाच्या मनगटाला बांध. मोजायला येणारी मुलगी वेगळी, तिची मी पर्समध्ये ठेवलीय. ग्युल्तेनला विचारून बांध, तिला हवी असेल तर.

शिवणाचं यंत्र ग्युल्तेनला. सुया डाव्या खणात.

यांचा फरचा कोट स्पार्ताकला. बाही आखूड होईल, तू सोड.

काळी लोकरीची शाल स्ताना आजींना. खांद्यावर तू घाल, हातात देऊ नकोस.

चोवीस कप आहेत, लग्नातले, कधी वापरलेच नाहीत. सगळे पेतिलेत्काला. पहिल्या तारखेच्या आधी पोचव. ओंडक्यावरून नेऊ नकोस, गाडीनं ने.

खारवलेले मासे गेंचोला. शिक्का आमच्याचकडे राहिला असं कळवून दे, सभ्यपणे.

शाळेचं छप्पन सालचं हजेरीपुस्तक माझ्याकडेच राहिलं होतं. ते वाचनालयाला.

पिसांची जाड गादी कोणालाही देऊ नकोस. ती माझी आहे. मागच्या खोलीत, चुलीच्या भिंतीला लागून घाल, आणि तुझी खाट तिथून हलव. तू घोरतेस.

दोका